आटलेल्या नदीची पाठशाळा

एका राज्यात पाठशाळेवर एक शाप होता, आणि लोक त्याला वरदान म्हणत. कुण्या जुन्या राजाने मांत्रिकाकडे मागितले होते, "आमची विद्या कधी बदलू नये." मांत्रिक म्हणाला, "तथास्तु." पुढे नदी सात कोस दूर सरकली, नगर कोरडे पडले, तरी पाठशाळेत नाव हाकण्याचीच विद्या चाले. गुरू दुसरे काही सांगू गेला, तरी मुखातून वल्ह्याचाच पाठ येई.

आचार्य विरूपाक्षाने तो चाळीस वर्षे सांगितला. मग एका उन्हाळ्यात तहानलेल्या शिष्यांनी आपल्याच मनाने विहीर खणली. विहिरीची दरड कोसळली. तिघे गेले.

राणी मृगावती म्हणाली, "आचार्य, मांत्रिकाकडे जा. हे थांबवा."

"महाराणी, मी थकलो आहे."

"ठाऊक आहे. तरी जा."

तो गेला. डोंगरावर मांत्रिकाच्या गुहेत एक टिटवी बसली होती. ती म्हणाली, "मांत्रिक मेला. त्याचा शब्द मी राखते. तीन कामे कर. नागाच्या विळख्यातून नावेच्या विद्येची मूळ पोथी आण."

त्याने आणली.

"न चुकता म्हण."

तीन दिवस म्हटली. एक अक्षर चुकले नाही.

"आता, जिचे तुझ्या हातून वाईट झाले, तिचा शिष्य हो."

आचार्याने पोथी काखोटीला मारली. मग उठला, आणि डोंगरात विहिरी खणणाऱ्या येसूच्या दारी गेला. दरडीखाली गेलेल्या त्या तिघांत तिचा लेक होता.

"बाई, मला शिकवाल?"

येसू म्हणाली, "लेकाला मी कुदळ धरू दिली नाही, गुरुजी. म्हटले, तुमच्यापाशी मोठी विद्या आहे."

 तिने कोपऱ्यातली कुदळ त्याच्यापुढे टाकली.

तीन महिने तो खणत होता. तळहात फुटले, पाठ वाकली. मग पाठशाळेत येऊन त्याने भीतभीत तोंड उघडले. "आधी विहिरीची कड बांधावी, मग खोल जावे." तसे पोथीचे एकेक पान कोरे झाले. शाप सुटला.

राणीने येसूला गुरूच्या आसनावर बसवले. ज्यांना दूरच्या नदीवर जायचे, त्यांच्यासाठी नावेचा पाठही ठेवला. नव्या विहिरींना नगरात पाणी लागले.

येसूच्या पाठाच्या पहिल्या दिवशी विरूपाक्ष शिष्यांच्या शेवटच्या रांगेत बसला, आणि बसल्या जागी त्याला झोप लागली. येसूने आवाज हळू केला. पाठ थांबवला नाही.