आळणी आमटीचा कौल

एका संस्थानात निराधार म्हाताऱ्यांसाठी दोन आश्रम होते. एक दिवाण त्रिंबकरावांचा, दुसरा भागाबाई नावाच्या विधवेचा. ज्याची देखभाल जास्त चांगली, त्याच्याच हाती दोन्ही आश्रम द्यायचे, असं राजाने ठरवलं आणि पारख करायला आपल्या आत्याबाईंना पाठवलं.

दिवाणांच्या आश्रमात फरशी आरशासारखी लखलखत होती. आत्याबाईंनी विचारलं, "जेवण कसं असतं?" सगळ्यांनी हात जोडले. "उत्तम. दिवाणसाहेब देवमाणूस आहेत."

भागाबाईंकडे मात्र विचारायचा अवकाश, तक्रारी सुरू झाल्या. कुणी म्हणालं आमटी आळणी, कुणी म्हणालं भात चिकट. दात नसलेली एक आजी तर भागाबाईंच्या तोंडावर म्हणाली, "हिला भाकरी थापता येत नाही."

दरबारात आत्याबाईंनी भागाबाईंच्या बाजूने कौल दिला. दिवाण उसळले. "माझ्याकडे एकाचीही तक्रार नाही, तिच्याकडे एकही खूश नाही. हा कुठला न्याय?"

"दिवाणजी," आत्याबाई म्हणाल्या, "उद्या ताट मिळेल की नाही याची ज्याला धास्ती असते, तो आजच्या आमटीला नावं ठेवत नाही."

राजा नकळत उठून उभा राहिला आणि त्याने दोन्ही आश्रम भागाबाईंच्या हाती सोपवले.

पुढे दिवाणांच्या त्याच आश्रमात भागाबाई वाढत असताना एक म्हातारा घाबरत म्हणाला, "मीठ जरा कमी आहे." साऱ्या पंगतीचे घास हातातच राहिले. भागाबाईंनी मुकाट्याने मीठ आणून वाढलं.

तेव्हा पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "भातही चिकट झालाय."