फळीवरची नजर

"गुरुजी, माझा पाय पुढे गेला होता की नव्हता?"

केरबा गुरुजी नदीकाठच्या देवळाच्या पायरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कधी आलास? पाणी घेतलंस का?"

"पाणी नको. उत्तर पाहिजे."

विचारणारा हिंदुराव. एके काळी लांब उडीत देशभरात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. आता रेल्वेतला मोठा साहेब, ढेरी सुटलेली, केस काळे केलेले. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असल्या प्रश्नासाठी एवढ्या लांब गाडी हाकत यावं, हे वेडच. पण हे वेड त्याला लावलं होतं गुरुजींनीच.

शाळेत असताना या अनवाणी पोराला त्यांनी इथेच, नदीच्या वाळूत, उड्या मारायला शिकवलं. आणि ज्या दिवशी त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी उडी मारली, त्या दिवशी पंच कमी पडले म्हणून, जिथून झेप घ्यायची त्या फळीजवळच्या खुर्चीवर गुरुजीच बसले होते.

खड्ड्याच्या कडेला जागतिक विक्रमाची खूण रोवलेली होती. हिंदुराव तिच्याही पलीकडे वीतभर जाऊन पडला. अख्खं मैदान उठून उभं राहिलं. मग लोकांनी फळीकडे पाहिलं, तर गुरुजींच्या हातात लाल झेंडी: पाय फळीच्या पुढे गेला.

उडी बाद. बाद उडी कोणी मोजत नाही. माणसं आली, त्यांनी वाळू सपाट केली आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

"तेव्हाच का न्हाई विचारलंस?"

"झेंडी तुमची होती. तुम्हाला कसं विचारणार?"

गुरुजी शेंगा सोलत राहिले.

"त्यानंतर मी फळीच्या अलीकडूनच उडायला लागलो," हिंदुराव म्हणाला. "पाय पुढे जाईल, ही भीतीच बसली मनात. पुन्हा कधी तिथवर पोचलो नाही. लोक म्हणाले, संपला हा."

"कानावर आलं हुतं."

"आलं होतं ना? मग एका शब्दाने तरी..."

गुरुजींचा हात थांबला.

"एक तर मी जगातली सगळ्यात लांब उडी मारलेला माणूस आहे, नाही तर ऐन वेळी घाई केलेला गाढव. यातला कोणता, तेवढं सांगा. मी कुठे बोलणार नाही. मला एकट्याला कळलं तरी पुष्कळ आहे."

गुरुजींनी पुढची शेंग उचलली.

हिंदुराव चिडला. त्याने बूटमोजे काढून पायरीवर आपटले, वाळूत उतरला आणि टाचेने एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या बोटभर अलीकडे त्याने पाय रोवला.

"ही फळी. हा माझा पाय. इथेच होता. बघा नीट."

गुरुजी पाहू लागले. पण त्यांची नजर पायावर नव्हती. रेघेच्या पुढे, वाळूच्या वर, नुसती हवा होती तिथे ती हळूहळू सरकत गेली. तोंड उघडं राहिलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद हिंदुरावाने कधी पाहिला नव्हता.

"वर काय बघताय? खाली बघा, गुरुजी! फळीजवळ बसलेल्याने उडी बघायची नसते, फक्त पाय बघायचा, हे तुम्हीच शिकवायचात ना आम्हाला?"

"व्हय. मीच शिकवायचो."

"मग?"

गुरुजींचे डोळे भरून आले.

"त्या दिवशी बी... वरच बघत हुतो रे."

हिंदुराव वाळूतच बसला. त्याला संताप आला. सगळी तरुणपणाची वर्षं कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं. ओरडावंसं वाटलं, पण तोंडातून भलताच प्रश्न बाहेर पडला.

"कशी होती?"

गुरुजींनी सांगायला हात उचलला. तो हवेत थोडा पुढे गेला आणि मांडीवर परत आला.

हिंदुराव वाळूतल्या रेघेकडे पाहत होता.

"म्हणजे पाय पुढे होता की मागे, ते तुम्हालाही..."

"ठाऊक न्हाई."

"मग पांढरी झेंडी दाखवायची! कोण विचारणार होतं तुम्हाला?"

"दुसऱ्या कुणाचं पोरगं असतं," गुरुजी म्हणाले, "तर पांढरीच दाखवली असती."