कोल्ह्याने दिलेल्या चार शेंगा

माळावर कोल्हा सावकारी करायचा, तेव्हाची गोष्ट. खारीने शंभर शेंगा त्याच्याकडे ठेवल्या. त्यांतल्या काही मुंग्यांच्या वारुळात वर्षाला शेकडा पाच व्याजाने आणि काही घुशीच्या बिळात शेकडा दहाने गुंतवायच्या, असे ठरले. वर्ष सरल्यावर कोल्ह्याने तिच्या हातावर व्याजाच्या चार शेंगा टेकवल्या.

"चारच? घरी पिल्लं उपाशी आहेत, कोल्होबा!"

"खारूताई, कुठे किती ठेवल्या हे धंद्याचं गुपित. ते कळल्याशिवाय कसला हिशेब मांडतेस?"

व्याज घ्यायला रांगेत उभे असलेले प्राणी हसले. खार जागची हलली नाही.

"गुपित ठेव तुझ्यापाशी. सगळ्याच्या सगळ्या मुंग्यांकडे ठेवल्या असत्यास, तरी पाच आल्या असत्या!"

हसू थांबले. सशाने नुकतेच मिळालेले आपले व्याज पुन्हा मोजायला घेतले.