थोरल्या शिंगाळ्याचं आमिष

"...मग गळाला काळीज लावू का गांडूळ, एवढं तरी सांगा की बाबा!"

मौलाबाबा तळ्याकडं बघत बसले होते.

केरबाचा जीव टांगणीला लागला होता. गळ टाकावा तो केरबानंच, असं पंचक्रोशीत लोक म्हणायचे. आणि लोकांच्या आधी तो स्वतःच म्हणायचा! पण या तळ्यातला थोरला शिंगाळा त्याला दाद देईना. लांब मिशांचा, बिनखवल्यांचा, माणसाएवढा मासा. शेवटी केरबा भर चावडीत बोलून गेला, "उरसाच्या आत त्याला काठावर आणीन, नाहीतर पुन्हा गळाला हात लावणार नाही."

उरूस उद्यावर आला होता, आणि दिला शब्द फिरवणाऱ्यांतला केरबा नव्हता.

म्हणून तर तो दर्ग्यातल्या या म्हाताऱ्या फकिराच्या पायाशी येऊन बसला होता. बाबांची हयात याच काठावर गळ टाकण्यात गेलेली. मला शिकवा म्हणून केरबा कधीचा मागं लागला होता. बाबा नुसते हसायचे.

"शिसं जड लावून बघितलं, हलकं लावून बघितलं. तळाशी सोडलं, बुचाला बांधून अधांतरी ठेवलं. काळीज झालं, कोळंबी झाली, हिंग घातलेली कणीक झाली. गडी जवळ येतो, मिशी लावतो न् जातो निघून! अहो, त्याला खायचंय तरी काय?"

बोलता बोलता केरबानं चंची सोडली. तंबाखू-चुना तळहातावर झकास मळला, चिमूट गालात धरली, आणि त्याच हातानं काळजाचा तुकडा गळाला लावायला घेतला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"इतकी आमिषं लावलीस म्हणतोस?"

"लावली की!"

"नाही लेका. तू एकच लावत आलास."

केरबा चक्रावला. बाबांनी त्याचाच तळहात उलटा करून त्याच्या नाकाशी नेला...

केरबाचं तोंड एवढंसं झालं.

तो उठला. तंबाखू थुंकला, चूळ भरली, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून चिखलानं हात घासू लागला. घासायचा, हुंगायचा, पुन्हा घासायचा. बाबा काही 'पुरे' म्हणेनात. ऊन उतरलं. शेवटी हाताला नुसता तळ्याचा वास यायला लागला, तेव्हा राहिलेला चिखल निघावा म्हणून त्यानं दोन्ही हात पाण्यात सोडले.

समोरचं पाणी हललं.

काळं, रुंद डोकं तळातून वर आलं. अगं आई गं, केवढं ते!

एक मिशी पुढं झाली. मनगटाला लागली... तळहातावरून फिरली... बोटाबोटांतून गेली. आंधळी आजी नातवाचा चेहरा चाचपते, तशी.

केरबाच्या अंगावर सरसरून काटा आला. कल्ल्यात बोटं अडकवली असती, तर मासा काठावर होता. पैज जिंकलेली होती. पण त्याची बोटं मिटेनात. डोळे मात्र घळाघळा वाहू लागले.

शिंगाळा सावकाश वळला आणि खोल पाण्यात गेला.

दिवस बुडाला. केरबा काठावर आला.

"बाबा... हातात होता माझ्या."

"बघितलं."

"असं काही असतं, हे मला ठाऊकच नव्हतं."

केरबानं आपल्या ओल्या तळहाताकडं बघितलं.

"पण पैज हरलो. चावडीत शब्द दिलाय. आता गळ सुटला माझा, कायमचा."

त्यानं काठी, दोरा, गळ सगळं गोळा केलं आणि बाबांच्या पायाशी ठेवलं.

बाबांनी सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"उद्या पहाटे रिकाम्या हातानं ये. आता शिकवतो."