राजानं वगळलेला शब्द

एका राज्यात, जिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो, सोमकेतू नावाचा राजा होता. राणी गेली आणि त्याला आपली भाषाच नकोशी झाली. कुठलाही शब्द उच्चारावा, तर त्यात तिचाच आवाज येई. मग त्यानं दार लावून घेतलं आणि जर्मन खलाशांच्या बोलीवर बेतून एक नवीच भाषा घडवली. तिचं व्याकरण मोठं चोख. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि क्रियापदानं वाक्यातली दुसरी जागा सोडून हलायचं नाही.

भाषा पुरी झाली तशी गोठलेल्या समुद्रावरून एक चेटकीण चालत आली. म्हणाली, "राजा, आता तुला हीच तेवढी बोलता येईल. हिच्यातून जे वगळलंस, ते हिच्यातच कुणी मागेल, तेव्हा सुटशील."

त्या राज्याची रीत अशी, की राजा बोलला की मान डोलवायची. दरबारी त्यात भारी पटाईत. राजानं पाणी मागितलं, सगळ्यांनी माना डोलवल्या. पाणी कुणीच आणलं नाही. कळलं नाही, हे राजाला सांगणार कोण? भरल्या दरबारात बिचारा एकटा पडला, फार एकटा.

त्याची मुलगी सुवर्चा रोज त्याच्या पायाशी बसे. एकदा खिडकीतली साळुंकी तिला म्हणाली, "तीन कामं कर. तो मागेल ते दे. त्याच्याशी भांड. मग त्यानं दिलं नाही ते माग."

राजा म्हणाला, "ब्रुद."

"बाबा, मला कळलं नाही," सुवर्चा म्हणाली.

दरबार हबकला. राजानं मुदपाकखान्याकडे बोट केलं. तिनं भाकरी आणून दिली. असं शब्दामागून शब्द शिकता शिकता हिवाळा सरला.

"चंद्र बाई आहे," एके सकाळी ती राजाच्या भाषेत म्हणाली.

"पुरुष!" राजा कडाडला. दोघं संध्याकाळपर्यंत भांडली. राजा त्या दिवशी पोटभर जेवला.

मग तिनं त्याच भाषेत विचारलं, "बाबा, हिच्यात आईला काय म्हणायचं? मला तिला हाक मारायचीय."

राजा शब्द शोधू लागला. तो शब्द त्यानं घडवलाच नव्हता. लेकीलाही कुणाची आठवण येत असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"आई," तो आपल्या जुन्या भाषेत म्हणाला. "आईच म्हण, बाळा."

शाप सुटला. न कळता मान डोलवायची नाही, अशी राज्यात नवी रीत पडली. नवी भाषा बापलेकींनी भांडायला ठेवली. राणीविषयी मात्र ती दोघं आपल्या भाषेत बोलत, आणि शब्दाशब्दात तिचा आवाज येई. त्यांना जसं बोलायला माणूस मिळालं, तसं तुम्हा-आम्हालाही मिळो.