गोड्या पाण्याचे सहा हंडे

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात हिराजी तांडेल राहत होता. त्याची एक लाँच होती. गावापासून दोन तासांवर समुद्रात एक बेट होतं आणि तिथवर माणसं नेणारी तेवढी एकच लाँच होती. तिला चढायला पायऱ्या होत्या, बसायला बंद केबिन होती आणि केबिनमध्ये एसी होता. आजारी माणसं, म्हातारी माणसं, पोटुशा बायका त्याच केबिनमधून ये-जा करत. बाकीच्या होड्या मासेमारीच्या, उघड्या.

हिराजीची एकुलती एक मुलगी मंजुळा त्या बेटावर दिली होती. पावसाळ्यासाठी समुद्र बंद होण्याच्या आदल्या दिवशी तो तिला सासरी सोडायला गेला. तिला पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं.

सासू म्हणाली, "व्याहीबुवा, सातव्यात ओटी भरते, मग न्या. पण आठवा लागायच्या आत या. आठव्यात आम्ही पोटुशीला समुद्रावर पाठवत नाही."

मंजुळाने बोटांवर दिवस मोजले. नारळी पौर्णिमेला समुद्र उघडणार होता. तिथून आठवा लागायला चारच दिवस उरत होते.

"बाबा, पहिल्याच दिवशी या," एवढंच ती म्हणाली.

हिराजी परत आला. लाँच वाळूवर ओढून घेतली. आता एकच काम बाकी होतं. लाँचचा एसी चालतो समुद्राच्या पाण्यावर. तळातल्या नळीतून खारं पाणी आत येतं, यंत्राची उष्णता घेतं आणि बाहेर पडतं. लाँच बंद ठेवायची तर हे पाणी सगळं काढावं लागतं. मग नळ्यांतून सहा हंडे गोडं पाणी फिरवायचं, नळ्या फुंकून कोरड्या करायच्या आणि तळातल्या नळीचा कॉक, म्हणजे तोटी, साफ करून, ग्रीस लावून घट्ट बंद करायचा. काम एका दिवसाचं. पण त्या दिवसांत विहिरीवर रोज घरटी दोनच हंडे पाणी मिळे.

हिराजीची बायको नागूबाई हे जाणून होती. तिने सहा दिवस घरातलं निम्मं पाणी राखून सहा हंडे भरले होते. ते तिने एकेक करून लाँचपाशी आणून ठेवले.

"हे घ्या. एवढं उरका."

हिराजी लाँचकडे पाठ करून वाळूत बसला होता. "आज हात उचलत नाही गं. पोर डोळ्यांपुढून हलत नाही."

"मग तिच्यासाठीच उचला."

शेजारच्या होडीला भिवा मेस्त्री डांबर लावत होता. तो म्हणाला, "हिराजी, नळीत आसवं ओतून भागत नाही बाबा. तीपण खारीच असतात."

किनाऱ्यावरचे सगळे हसले. हिराजी उठला, एक हंडा कसाबसा ओतला, कॉक हाताने फिरवून बंद केला आणि म्हणाला, "बाकीचं उद्या." उरलेले पाच हंडे नागूबाईने पुन्हा घरी नेले.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. मग येतच राहिला. आता आभाळातूनच गोडं पाणी पडत होतं, हवं तेवढं. तरी हिराजी लाँचवर चढला नाही. तो रोज सकाळी छत्री घेऊन खडकावर जाऊन बसे. पावसात बेट दिसत नसे. बेट जिथे असायला हवं तिथल्या करड्या धुक्याकडे तो बघत राही. बेटावरचा फोन लागत नसे. मंजुळाला आवडणारे सुके बोंबील पानात आले की तो ताट सारून उठे. कधी ढग विरले आणि माडांची एक पुसट रेघ दिसली, तर दिवसभर तेवढंच बोलत बसे.

गाव म्हणायचं, "बापाची माया बघा." ते ऐकून हिराजीला आणखी भरून यायचं.

नागूबाई एकदाच म्हणाली, "खडकावर बसता ते लाँचमध्ये बसा की. तिथूनही बेट त्याच बाजूला आहे."

पौर्णिमा आली. गावाने समुद्राला नारळ वाहिला. हिराजीने नवा सदरा घातला आणि दहा जणांनी लाँच पाण्यात ढकलली. ती तरंगली न तरंगली तोच तळातून पाणी आत येऊ लागलं. नळीत राहिलेल्या खाऱ्या पाण्याने अडीच महिन्यांत कॉक कुरतडून टाकला होता. भिवा मेस्त्रीने तो फिरवायला हात घातला, तर मूठच तुटून हातात आली. हिराजी कमरेभर पाण्यात उभा राहून भोकात फडकी कोंबत होता. पण भरतीचं पाणी त्याच्यासाठी थांबलं नाही. इंजिन बुडालं.

इंजिन उघडून, सुकवून, कॉक बदलून लाँच चालू व्हायला पंधरा दिवस लागले.

बेटावर मंजुळा चार दिवस धक्क्यावर बोचकं घेऊन बसली होती. पाचव्या दिवशी सासूने ते बोचकं उचललं आणि घरी नेलं.

हिराजी पोचला तेव्हा ती दारात उभी होती. तिला आता नेता येणार नव्हतं. त्याने तिला सगळं सांगितलं. खडक, धुकं, न गिळलेला घास, सगळं.

मंजुळाने ऐकून घेतलं. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमचा अख्खा पावसाळा मला नको होता. लाँच बंद केलीत तो एक दिवस हवा होता."

हिराजी एकटाच लाँचवर चढला. परतीच्या वाटेवर केबिन छान गार होती, आणि रिकामी होती.

तात्पर्य: डोळे लावून बसणं म्हणजे ओढ नव्हे. ज्याला खरंच पुन्हा भेटायचं असतं, तो निरोपाच्या दिवशीच परतीची तयारी करून ठेवतो.