आत्याचं गुर्र आणि आत्याचं कुर्र

फार पूर्वी, म्हणजे अस्वलं बारशाला घुगऱ्या वाटत त्या काळी, एका डोंगरात एक अस्वलीण राहत होती. मनाने लोण्यासारखी मऊ, पण तोंड उघडलं की गुर्रर्र! शेजारचे ससे तर तिची चाहूल लागली तरी बिळात.

तिच्या गुरगुरण्याचे अर्थ फक्त तिच्या धाकट्या भावाला ठाऊक होते. आखूड गुर्र म्हणजे 'जेवलास का रे?' लांबलचक गुर्र म्हणजे 'उन्हात हिंडू नकोस.' नाकातल्या नाकात गुर्र म्हणजे बाईसाहेब खुशीत आहेत. आणि दात विचकून, मानेवरचे केस उभे करून केलेलं गुर्र म्हणजे खराखुरा राग. तो तिला वर्षाकाठी एखाद्या वेळीच यायचा.

भावाला मुलगी झाली आणि आत्याला आभाळ ठेंगणं झालं! बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. तिने नाव हेरून ठेवलं आणि महिनाभर आधीपासून कुर्र आणि ते नाव घोकायला घेतलं.

पण भावजय पडली पलीकडच्या डोंगरातली. तिला सगळी गुर्र सारखीच वाटायची. ती म्हणाली, "वन्सं, राग मानू नका. पण तुमच्या आवाजाने पाहुणे पळतील, पोर दचकेल. बारशाच्या दिवशी एकदाही गुरगुरला नाहीत, तर कुर्र तुम्हीच करायचं. नाहीतर माझी बहीण करेल."

आत्याच्या घशाशी गुर्र आलं होतं. ते तिने गिळलं आणि नुसती मान डोलावली.

बारशाचा दिवस उजाडला. पाळण्याला रानफुलांच्या माळा, द्रोणाद्रोणात मध. माकडाने आत्याच्या पायावर पाय दिला, ती हसली. कोल्हीणबाई म्हणाली, "अगोबाई, आज तोंडाला कुलूप की काय?" तरी ही गप्प! ते पाहून सशांची पिल्लं धीट झाली आणि तिच्या पाठीवर चक्क घसरगुंडी खेळली. आत्याला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुपारी सगळे घुगऱ्यांवर तुटून पडले. भावजय वाढण्यात गुंतली, भाऊ पाण्याला गेला. पाळण्याजवळ एकटी आत्या. तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून एक तरस निघालं आणि दबकत दबकत पाळण्याकडे सरकू लागलं.

आत्याच्या काळजात धस्स झालं. कुणाला हाक मारावी, तर तोंडातून निघणार गुर्रच. आणि गुर्र केलं की महिनाभर घोकलेलं कुर्र गेलं! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'जळो तो मान,' ती मनाशी म्हणाली, 'पोर सुखरूप राहिली म्हणजे झालं.'

आणि दात विचकून, केस उभे करून ती अशी गुरगुरली की डोंगर दणाणला. तरस शेपूट घालून पळालं. इकडे द्रोण उलटले, ससे बिळात, माकडं झाडावर.

भावजय धावत आली. "झालं ना शेवटी! एक दिवस धीर धरवला नाही तुम्हाला?"

सांगायला जावं तर पुन्हा गुर्रच यायचं. बिचारी मान खाली घालून निघाली.

"ताई, थांब!" पाण्याहून धावत आलेला भाऊ म्हणाला. "हे तर रागाचं गुर्र होतं. ते तू उगाच करायची नाहीस." त्याने जमीन न्याहाळली. तरसाचे ताजे ठसे पाळण्यापासून चार पावलांवर येऊन मागे फिरले होते. भावजयीने पाळण्याकडे धाव घेतली. आणि पाळण्यातली पोरगी? ती आत्याकडे बघून खिदळत होती!

भावजय आत्याच्या गळ्यात पडली. "चुकले हो वन्सं! कुर्र तुम्हीच करा. आणि ती बाकीची गुर्र मला एकेक करून शिकवा." मग भावाने सगळ्यांनाच एकेका गुर्रचा अर्थ फोडून सांगितला. ससेही बिळातून कान बाहेर काढून ऐकत होते.

आत्या पाळण्यावर वाकली. एवढ्या थोरल्या तोंडातून अगदी अलगद 'कुर्रर्र' निघालं, आणि पाठोपाठ नाव, 'रानजाई!' लगेच रीतीप्रमाणे सगळ्या जणींनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सशांच्या पिल्लांनीही इवल्या पंजांनी हात धुऊन घेतले.

"गुर्रर्र!" आत्या नाकातल्या नाकात गुरगुरली. कुणीही पळालं नाही. एक पिल्लू तिच्या पाठीवरूनच ओरडलं, "आई, आत्या खुशीत आहे!"

तात्पर्य विचाराल तर एवढंच: आवाज कडक म्हणून कुणाला दूर लोटण्याआधी, त्याचा जीव कुणासाठी तुटतो ते बघावं.